पायडल

"शिलाई मशीन सहा महिने बंद ठेवली तर काय होतं, मास्तर?" व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जाम होते," सोपान मास्तर म्हणाले आणि त्यांची नजर स्वतःच्या गुडघ्यांवर गेली. गुडघे दुखतात म्हणून मुलाने मशीनला मोटर बसवून दिल्यापासून त्यांचे पाय नुसते बसून होते. वाढत होत्या त्या फक्त गोळ्या.

घरी येऊन त्यांनी मोटर काढली, चाकावर पट्टा चढवला आणि रोज थोडं थोडं पायडल मारू लागले. सुरुवातीला मशीनपेक्षा गुडघेच जास्त कुरकुरले. दिवाळीपर्यंत मात्र गोळ्यांच्या डबीत ब्लाउजचे हुक जाऊन बसले.

शेजारच्या अनसूयाकाकू कापड घेऊन आल्या नि दारातच थबकल्या. "अगंबाई, पुन्हा पायडल? मोटर बिघडली वाटतं!"

"मोटर झकास आहे, काकू," पायांचा ताल न मोडता मास्तर म्हणाले. "बिघडले होते ते गुडघे."