नवी नळी

"जुनी नळी टोमॅटोच्या वेलाला आधार म्हणून रोवलीय," सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगत ताउनोने रायफल पिशवीतून बाहेर काढली. "तिची लायकीच तेवढी होती."

खडीच्या खाणीत शिकारीची मंडळी कॉफीचे पेले धरून उभी होती. येत्या शनिवारी मूस हरणांची शिकार सुरू व्हायची होती. त्याआधी प्रत्येकाने इथे नेम दाखवायचा, हा नियम म्होरक्या म्हणून ताउनोनेच घालून दिलेला. गेल्या मोसमात त्याच्या गोळीने एका नराचा जबडा फुटला आणि जनावर तसंच दलदलीत पळालं. अंधार पडेपर्यंत सगळे चिखल तुडवत हिंडले. तेव्हापासून ताउनोचं एकच पालुपद होतं, नळी झिजली. सौनाच्या वाफेत बसून त्याने तेच सांगितलं, सासूच्या मयतीतही तेच सांगितलं. यंदा नवी नळी बसवून घेतली होती, आणि दलदलीच्या तोंडाशी, जिथून मूस हमखास बाहेर पडतो, तिथे नेहमीप्रमाणे आपणच उभं राहणार याबद्दल त्याला शंका नव्हती.

"काय मेव्हणे, सूप बरं करता म्हणे हल्ली!" त्याने शेकोटीपाशी सॉसेज भाजत बसलेल्या रेइनोला हाक मारली. "जरा कॉफी आणा इकडे."

रेइनोने सॉसेज उलटलं. चार वर्षांपूर्वी याच खाणीत ताउनोने त्याच्या रायफलीत गुपचूप पोकळ काडतूस भरलं होतं. दिसायला अगदी खरं, पण आत दारू नाही. चाप ओढला तरी बार होत नाही. मात्र ज्याला बाराची धास्ती असते त्याचं अंग आधीच आवळतं, डोळे मिटतात, नळी खाली जाते आणि ते सगळ्यांना दिसतं. रेइनोची नळी खाली गेली. अशा माणसाने बंदूक ठेवून द्यायची आणि झोपडीत बसून वाटाण्याचं सूप उकळायचं, हाही ताउनोचाच नियम. "जपून ठेव, बहिणीला दाखव तुझ्या," म्हणत ते काडतूस त्याने रेइनोच्या अंगावर भिरकावलं होतं, आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता.

ताउनो चटईवर पालथा झाला. समोर फळीवर रंगवलेला मूस होता. पहिली गोळी त्याच्या पायाला लागली, दुसरी जमिनीत गेली, तिसरीचा पत्ताच लागला नाही.

"त्या बंदूकवाल्याने टोपी घातली मला," तो उठून म्हणाला. "नळी तिरकी बसवलीय गाढवाने. हिल्का, तू मार बघू. तुझी पण तिरकीच जाईल."

हिल्का त्याची मुलगी. तिला त्याने कधी दलदलीच्या जवळपासही उभं केलं नव्हतं. बाईमाणसाने कुत्री सांभाळावीत, असं त्याचं म्हणणं. ती चटईवर पडली, तीन बार झाले. फळीवरची तिन्ही भोकं एका पेल्याच्या बुडाखाली झाकली गेली असती.

मंडळी ताउनोकडे बघायला लागली. त्याला ते बघणं मुळीच आवडलं नाही.

"तापायला हवी होती ती!" तो म्हणाला. "नवी नळी तापल्याशिवाय वठणीवर येत नाही. तुम्हा लोकांना यातलं काय कळतंय? पोरी, भर आणि ठेव तिथेच."

नळी तापली की तिला काय होतं यावर त्याने एक व्याख्यानच झोडलं. रेइनो कॉफी घेऊन आला, हिल्काशेजारी वाकला, पेला खाली ठेवून परत गेला. ताउनोने तिकडे बघितलंही नाही. सूपवाल्याकडे काय बघायचं?

तो पुन्हा पालथा झाला. या वेळी त्याने घाई केली नाही. रायफलीवरच्या दुर्बिणीतली फुली मुसाच्या खांद्यावर आणली, श्वास धरला, चाप ओढला.

खुट्.

डोळे उघडले तेव्हा दुर्बिणीत मूस नव्हता, गवत होतं. आपण डोळे मिटले होते हे त्याला तेव्हा कळलं.

कुणीतरी हसेल म्हणून तो थांबला. हसले असते तर तो त्यांच्यावर खेकसला असता, निम्म्यांना घरी धाडलं असतं. पण कुणी हसलं नाही. एकाने उरलेली कॉफी गवतावर ओतली. ताउनोने खटका मागे ओढला आणि काडतूस चटईवर पडलं. त्याच्या बुडावर एक फुली कोरलेली होती. ती चार वर्षांपूर्वी त्याने स्वतःच कानशीने कोरली होती.

"कोणी भरलं हे?"

"मी," हिल्का म्हणाली. "नियम तुमचाच आहे, बाबा."

"अगं, नळी..."

"नळी उत्तम आहे." तिने रायफल उचलून खांद्याला लावली. "शनिवारी दलदलीच्या तोंडाशी मी उभी राहीन. हीच घेऊन."

ताउनोने मंडळींकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्यांना त्याने मेंढरं म्हटलं, त्यांच्यापैकी एकाने तरी आपली बाजू घ्यावी असं त्याला मनापासून वाटत होतं. सगळे चटया गुंडाळायला लागले.

रेइनो शेकोटीपासून उठून आला. त्याने काडतूस उचललं, त्यावरची माती पुसली आणि ताउनोच्या तळहातावर ठेवलं.

"दाजी," तो म्हणाला, "वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात."