शाल्मलीची जीभ

शाल्मलीने आज पहिल्यांदाच कारल्याची भाजी कुरकुर न करता संपवली, तेव्हा तिची आई हरखली. "कंपनीत राहून शहाणी झालीस गं!"

शाल्मली नुसती हसली. विद्यापीठाने तिला इंटर्नशिपसाठी एका मसाला कंपनीत पाठवलं होतं. वर्गात सगळ्यांत तल्लख जीभ तिची, म्हणून कंपनीने तिच्या जिभेची चव काढून चाचणीच्या यंत्रात बसवली. प्रकल्प संपला की ती परत मिळणार होती. पण यंत्र फारच उत्तम चाललं आणि प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली. शाल्मली तक्रार घेऊन गेली, तेव्हा विद्यापीठातले मार्गदर्शक सर वैतागले. "अगं, एवढ्या मोठ्या कंपनीशी विद्यापीठाचं नातं जुळलंय. तू जिभेचं काय घेऊन बसलीस?"

घरी तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

इतक्यात बाबा जेवायला बसले आणि पहिलाच घास त्यांनी थुंकला. "मीठ दोनदा घातलंस की काय? तोंडात धरवत नाही!"

आईने भाजी चाखली. मग ती शाल्मलीच्या चाटूनपुसून लख्ख केलेल्या ताटाकडे बघत राहिली.

"तुला खारट नाही लागली?"

शाल्मलीने ताट पुढे केलं. "छान झालीय, आई. अजून वाढ."