विशीतली सवत

"अहो, आज वालाचं बिरडं केलंय बरं का!" खिडकीत ठेवलेली बोलकी डबी लाडात म्हणाली, तसे दिनानाथ खुर्चीत सावरून बसले आणि नव्या नवऱ्यासारखे लाजले.

वसुमतीबाईंचा तिळपापड झाला. वाल भिजवून, मोड आणून सोलले त्यांनी, आणि मिरवायचं या डबीने! आवाज त्यांचाच होता, पण विशीतला. विसरण्याच्या आजारात दिनानाथांचं मन लग्नाच्या पहिल्या वर्षात जाऊन बसलं, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून आपल्या आवाजाच्या जुन्या कॅसेट वसुमतीबाईंनीच काढून दिल्या होत्या. त्यांतून ही बया घडली. आता दिवसभर तिच्याशी गुलुगुलु गप्पा चालत, आणि खरी बायको समोर आली की, "मावशी, जरा पाणी द्या."

नवरा डोळ्यांसमोर जिवंत बसलेला, मग रडायचं तरी कुणाच्या नावाने? म्हणून त्या डबीवर जळत.

त्यांनी ताट आदळलंच. पहिला घास घेऊन दिनानाथ थबकले. डबीकडे चोरून पाहत त्यांनी बोटाने खूण करून वसुमतीबाईंना जवळ बोलावलं.

"मावशी, हिला सांगू नका हं," ते कुजबुजले, "पण हिचं बिरडं कडू होतं. तुमच्या हाताची सर नाही."

उभ्या संसारात त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

"अहो, कुणाशी बोलताय?" डबीने विचारलं.

वसुमतीबाईंनी पदराने डोळे टिपले आणि आणखी एक डाव बिरडं वाढलं.

"सांगा तिला," त्या हळूच म्हणाल्या, "कुणी नाही म्हणावं."