लाल ठिपका

इंजिनीयर बाईनं नकाशावर विजेच्या मीटरांचं जाळं आखलं होतं. एका मीटरनं शेजारच्याला निरोप द्यायचा, त्यानं पुढे केंद्राला. निरोप पोचू लागले तशी नकाशावर सारी गल्ली हिरवी झाली, एका घराचा ठिपका तेवढा लाल राहिला. तिथे दोघा भावांतला थोरला राहायचा, त्याचं श्वासाचं यंत्र विजेवर चालायचं. त्याची वीज गेली असती तर केंद्राला कळलंच नसतं. ती शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावाच्या गच्चीवर गेली, तर दोन गच्च्यांच्या मधे उंच पत्रा बसवलेला. नकाशात तो नव्हताच.

“काका, ह्या पत्र्यानं तुमच्या दादांच्या मीटरचा निरोप अडतोय. वीज जाऊन त्यांचं श्वासाचं यंत्र थांबलं तरी आम्हाला कळणार नाही.”

“त्याचं तोंड दिसू नये म्हणूनच लावलाय,” धाकटा पुटपुटला आणि पाना घेऊन आला.

पत्रा उतरला. पलीकडे खुर्चीत थोरला बसलेला.

“दाढी पिकली की रे तुझी.”

“तुझे तरी केस कुठे राहिलेत, दादा?”

ठिपका हिरवा झाला. इतके दिवस लाल राहिल्याबद्दल बाईनं मनोमन त्याचे आभार मानले.