भांगात येते

"भांगात येते ना मी, सर! भांगात एक पण लेक्चर चुकत नाही माझं."

सरांचं पेन थांबलं.

कल्याणच्या कॉलेजातली ही समुपदेशनाची खोली. म्हणजे जुनी स्टोअर रूमच. कोपऱ्यात गुंडाळलेले नकाशे, कपाटावर धुळीने भरलेला पृथ्वीगोल, आणि भिंतीवर नवंकोरं पोस्टर, 'काठावर थांबू नका, प्रवाहात या!' गरीब घरच्या पोरांना प्रवाहात आणायची योजना आलेली. त्या योजनेत निशाचं नाव. एसवायबीए. घर ठाण्याला खाडीकाठी, कोळीवाड्यात. हजेरी एकसष्ट टक्के. पंच्याहत्तर नसली की हॉल तिकीट नाही, आणि परीक्षा सोमवारपासून.

"नाव काय म्हणालीस?" सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"निशा. आणि उधाणाला नाही जमत, सर. तेवढीच दांडी होते."

उधाण-बिधाण सरांनी ऐकलंच नाही. ते मघाच्याच शब्दावर अडकलेले. आवाज एकदम मऊ केला त्यांनी. दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात ना, तसला मऊ.

"कधीपासून चालू आहे हे?"

"बारावीपासून. पप्पांचा खांदा निखळला ना, तेव्हापासून."

"समजू शकतो मी. आणि घरी? पप्पा?"

"पप्पा भांगात झोपूनच असतात."

"अजून कोण असतं?"

"आज्जी. तिच्या वेळी तर भांगात अख्खा वाडा पत्ते कुटत बसायचा." निशा हसली पण. एवढ्या वर्षांत कॉलेजात कोणी घरचं विचारलंच नव्हतं. आणि भांग म्हणजे काय ते सरांना वेगळं कशाला सांगायचं? बाकी कोणाला नसेल, पण यांना तर माहितीच असणार!

फॉर्मवर 'समस्या' असा रकाना होता. सरांनी लिहिलं, 'व्यसन'. थोडा विचार करून पुढे जोडलं, 'कौटुंबिक'.

दुसऱ्या दिवशी निशाच्या हातात हमीपत्र. 'मी यापुढे भांग व तत्सम अमली पदार्थांचे सेवन करणार नाही.' घरच्या मोठ्या माणसासमोर सही करायची, तरच हॉल तिकीट. फॉर्मवर मोठ्या अक्षरात 'गोपनीय' छापलेलं, आणि फॉर्म पडलेला ऑफिसच्या खिडकीत, उघडा. दुपारपर्यंत सगळ्या वर्गाला कळलेलं. कॅन्टीनमध्ये जयेश तिला बघून हात जोडून ओरडला, "बम भोले!" सगळे खिदळले. मेघाली रोज तिच्या डब्यातले सुके बोंबील खायची, बोटं चाटून चाटून. ती बाक बदलून बसली.

डोकं फिरेल नाही तर काय! जी पोरगी मांडीएवढ्या चिखलात उतरून जाळं ओढते, अंगाचा वास जावा म्हणून दोन-दोनदा साबण लावून कॉलेजला येते, ती नशेडी? आणि ते पण सही-शिक्क्यासकट?

निशाने सही केली नाही. ती आज्जीला घेऊन आली. मनुबाईंना. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, मऊ आवाजात हमीपत्र वाचून दाखवलं.

"भांग? माज्या पोरीन?" मनुबाई खुर्चीतून उठल्याच. "अवो मास्तर, पुनवेला न् अवसेला उधान येतं. पानी धावतं, म्हावरा जाल्यान येतं. आठमीच्या मागंफुडं पानी मरतं, होरी बांधून ठेवतो. तो आमचा भांग! बापाला जालं वढवत नाय म्हनून उधानाला ही वढते. भांगाला होरी बंद, मंग तुमच्या कालेजात येते. नशा कसली करते, तुमचं टालकं?"



सर कानापर्यंत लाल झाले. आता सॉरी म्हणतील? छे! चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे बघा आजी, असे गावठी शब्द वापरले की गैरसमज होणारच. शुद्ध मराठीत सांगायला काय हरकत होती हिला?"

निशा पुढे झाली. "शुद्धच बोलले, सर. 'भांगात' म्हणाले मी. नशा केली असती तर 'भांगेत' म्हणाले असते."

सरांनी ड्रॉवर उघडला, हॉल तिकीट काढलं आणि तिच्याकडे न बघताच पुढे सरकवलं. "घे. हजेरीचं मी बघतो. विषय संपला."

"नाही संपला." निशाने हॉल तिकीट उचललं आणि फॉर्मवर बोट ठेवलं. "हे 'समस्या' लिहिलंय ना, ते खोडा. आणि खरी समस्या काय आहे ती लिहा."

"म्हणजे?"

निशाने बॅगेतून एक जुनी फाइल काढली. एफवायची. कडा ओल लागून फुगलेल्या. हमीपत्राच्या बरोबर शेजारी तिने ती उघडून ठेवली. पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात शीर्षक होतं, 'उधाणाची भरती आणि भांगाची भरती, आमच्या खाडीचा अभ्यास'. खाली लाल पेनाने शेरा, 'उत्तम! अभ्यासपूर्ण! २०/२०'.

आणि त्याच्याखाली सही. विषय शिक्षक, भूगोल. हमीपत्रावर होती तीच.