चुलीवरचे बोंबील

तिचं नाव आरेनला. ती नागालँडची, माझी पुण्यातल्या हॉस्टेलमधली रूममेट. एकदा तिने खोलीत सुकी मासळी शिजवली, तर मुलींनी नाकाला रुमाल लावून थेट रेक्टरकडे तक्रार केली. तेव्हापासून ती मेसमधला वरण-भात मुकाट जेवायची. कुणी ‘चिनी’ म्हणून चिडवलं, तरी गप्प राहायची.

दिवाळीत मी तिला हर्णैला घरी आणलं. आई चुलीवर सुके बोंबील भाजत होती. आरेनला स्वयंपाकघराच्या दारातच थबकली आणि तिचे डोळे भरून वाहू लागले.

आई घाबरली. “काय गो पोरी, धूर लागला?”

“नाही,” ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. “माझ्या आईच्या घराचा वास आला.”

आईने तिला जवळ ओढून पाटावर बसवलं. “तुमच्यात कसे करतात?”

“बांबूचे कोंब घालून. आणि खूप मिरची!”

“मिरची आता घे. कोंब आमच्याकडं पावसात निघतात. तेव्हा परत यायचं.”

आईने चिमटा तिच्या हातात दिला. मग आरेनला बोलतच सुटली. मराठी संपली की हिंदीत, हिंदी संपली की तिच्या भाषेत. आई मात्र प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती.