चढापुरता माणूस

"सहा सिलिंडरचं घेऊ," दाजी म्हणाले, आणि मेहुण्याने चहाचा पेला न पिताच खाली ठेवला.

गॅरेजच्या फरशीवर दोन जुनी इंजिनं फळ्यांवर मांडली होती. एक चार सिलिंडरचं, ट्रकमधून परवा उपसून काढलं त्याच मापाचं. दुसरं सहा सिलिंडरचं, लांबलचक, जवळजवळ दीडपट ताकदीचं. बाहेर ट्रक बॉनेट उघडं टाकून उभा होता, दाढ काढून घेतलेल्या माणसासारखा. दाजी त्याचे मालक आणि ड्रायव्हर. मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षं त्याच ट्रकवर क्लीनर. त्याच्यामुळे सगळं गॅरेज त्यांना दाजीच म्हणायचं. सकाळपासून हे दोघं आणि मिस्त्री या लोखंडाभोवती घिरट्या घालत होते, आणि आता तिघांचाही जीव मेटाकुटीला आला होता.

क्लीनर आपलं म्हणायला. त्याचं खरं काम चढावर. भरलेला ट्रक चढाला लागला की माणसाच्या चालीने रांगायचा, मध्येच दम तुटून बंद पडायचा आणि मागे सरकायचा. म्हणून पायथ्याशीच हा खाली उतरणार, लाकडाचा ठोकळा खांद्यावर टाकून मागच्या चाकाशेजारून धूर खात चालणार, गाडी सरकली की ठोकळा चाकामागे सारणार आणि 'चला' म्हणून ट्रकच्या मागच्या फाळक्यावर थाप मारणार. ताकदीचं इंजिन आलं की गाडी सरकायची नाही. मग याने करायचं काय? सकाळपासून हेच त्याच्या डोक्यात चाललं होतं. पण असलं काही तोंडाने कसं बोलणार? म्हणून तो मोठ्या इंजिनात खोट काढत होता.

"डिझेल किती पिईल हे."

"चढावर तासभर कण्हत बसण्यापेक्षा कमीच," मिस्त्री म्हणाला.

"बसणार कुठे पण? केवढं लांब आहे."

"पुढचा आडवा बार चार बोटं सरकवतो. रेडिएटर मोठा टाकतो."

"आणि सुटलं तर आवरायचं कसं? ब्रेक त्या जमान्यातले."

"ब्रेकही करून देतो. अजून?"

मेहुण्याने इंजिनाभोवती आणखी एक फेरी मारली. मिस्त्री माणूस वाईट नव्हता, पण त्याचं जेवण राहिलं होतं आणि हेच प्रश्न तो तिसऱ्यांदा ऐकत होता. हातातलं फडकं झटकून तो म्हणाला, "दाजी, तुम्ही हे इंजिन बसवा आणि या ठोकळेवाल्याला घरी बसवा. चढापुरता तर माणूस. उगाच केबिनमध्ये वजन."

थट्टाच होती, रोज चालते तसली. एरवी मेहुण्याने त्याला दोन शब्द जास्तच सुनावले असते. आज त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"माझे गुडघे अजून शाबूत आहेत," तो म्हणाला.

गुडघ्यांचा विषय कोणी काढलाच नव्हता. गेल्या खेपेला तिसऱ्या वळणावर तो रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसला होता, आणि दाजींनी ते आरशात पाहिलं होतं. तिथे थांबणं शक्य नव्हतं. थांबले असते तर गाडी मागे गेली असती. वर पोचल्यावर दोघांपैकी कोणीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"ताईला सांगितलंत?" मेहुण्याने विचारलं.

"काय?"

"मला काढताय ते."

"कोण काढतंय तुला?"

"मग चढावर मी करू काय? सरळ सांगा ना, दाजी. इतकी वर्षं झाली. मी काय भांडणार आहे?" त्याचा आवाज चिरकला, आणि त्याचा त्यालाच राग आला. मिस्त्री इंजिन उचलायची साखळी बघून येतो म्हणून बाहेर सटकला.

दाजी पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं. बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हता, आणि आज तर अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं.

"चढ आला की तू खाली," ते म्हणाले. "आणि मी वर एकटा. चाळीस मिनिटं, कधी तास. मागे तू आहेस की दरीत गेलास, एखादं वळण सोडलं तर मला काही दिसत नाही. तुझी थाप यायला जरा उशीर झाला की मी आकडे मोजायला लागतो. सव्वीस वर्षं मोजतोय. कधी बोललो नाही. आता नाही रे सोसत मला." ते थोडं थांबले. "तू वर बस. बाकी काही करू नकोस."

मेहुण्याने वाकून त्या लांबलचक इंजिनाच्या झाकणावरचं तेल बोटाने पुसलं आणि बोट पँटला पुसलं.

"चढभर वर बसून बोलायचं काय पण?" त्याने विचारलं.

"बोल कोण म्हणतंय," दाजी म्हणाले. "झोप."